थीम पार्क, जत्रा आणि उन्हाळी सहल: ऊन आणि दमट हवेपासून स्वतःला कसे जपाल?

एप्रिल-मे महिन्यांत मंचर, नारायणगाव, ओतूर या भागातल्या दवाखान्यांत सोमवारची सकाळ वेगळी असते. रविवारी कुठल्यातरी गावची जत्रा झालेली असते, किंवा मुलांना सुट्टी लागली म्हणून दोन-तीन कुटुंबे मिळून गाडी करून खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला, नाहीतर एखाद्या वॉटर पार्कला जाऊन आलेली असतात. कोणाचे डोके ठणकत असते, कोणाच्या पोटऱ्यांत गोळे आलेले असतात, कोणाला उन्हाळी लागलेली असते, एखाद्या लेकराचा घोळणा फुटलेला असतो. बहुतेकांना पाणी, ओआरएस आणि विश्रांती यांनी एक-दोन दिवसांत बरे वाटते. पण याच त्रासाचे दुसरे टोक म्हणजे उष्माघात, आणि त्यात धडधाकट माणूससुद्धा काही तासांत दगावू शकतो. साधा त्रास कोणता आणि जिवावरचा कोणता, हे घरातल्या निदान एका माणसाला तरी ओळखता यायला हवे.

आपले ऊन आणि घाटाखालचे ऊन

जुन्नर-आंबेगाव हा भाग समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटर उंच आहे. उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडे कडक ऊन असते, पण हवा कोरडी असते. घाम आला की लगेच वाळतो. घाट उतरून खोपोली-खालापूर भागात गेलात की हवा बदलते. तिथे थर्मामीटरवरचा आकडा आपल्याकडच्या आकड्यापेक्षा कमी असू शकतो, तरीही जीव जास्त घाबरा होतो. लोक म्हणतात, "डॉक्टर, तिकडे ऊन तर कमीच होते, मग त्रास कसा झाला?" त्याचे उत्तर घामात आहे.

घाम नुसता आल्याने शरीर थंड होत नाही, तो वाळल्याने होते. एक लिटर घाम पूर्ण वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. बाहेरचे तापमान त्वचेच्या तापमानाएवढे, म्हणजे ३५ अंशांच्या आसपास गेले की उष्णता बाहेर टाकण्याचा हा एकच मार्ग शिल्लक राहतो. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम वाळत नाही, कपाळावरून नुसता ओघळतो. म्हणजे पाणी आणि मीठ वाया जाते आणि थंडावा मात्र मिळत नाही.

अमेरिकेच्या हवामान खात्याच्या उष्णता निर्देशांकाप्रमाणे तापमान ३४ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर शरीराला ते ३३ अंशांच्या आसपास जाणवते. तेच ३४ अंश ६० टक्के आर्द्रतेत सुमारे ४२ अंशांसारखे जाणवते. हे सावलीतले आकडे आहेत. थेट उन्हात त्यात आणखी ८ अंशांपर्यंत भर पडू शकते. आपल्या हवामान विभागाच्या निकषांतही हा फरक दिसतो. उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागासाठी किमान ४० अंशांची अट आहे, तर किनारपट्टीसाठी ३७ अंशांची. म्हणून सहलीला निघण्यापूर्वी मोबाइलवर फक्त तापमान पाहू नका. त्याखालची आर्द्रता आणि 'जाणवणारे तापमान' हेही पाहा.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमासाठी लाखो लोक उघड्या मैदानावर तासन् तास बसले होते. त्या दिवशी तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण तिथे १४ जणांचे प्राण गेले. खारघर आणि खालापूर दोन्ही रायगड जिल्ह्यातच, सह्याद्रीच्या त्याच बाजूला आहेत. सहलीला जाऊ नका असे मी म्हणत नाही. पण '३८ म्हणजे काय एवढे' हा हिशेब घाटाखाली चालत नाही.

कोणाला जास्त धोका

लहान मुले आणि साठीच्या पुढची माणसे यांना जास्त धोका असतो, हे सर्वांना माहीत आहे. कारण मात्र वेगवेगळे आहे. मुलांचे शरीर वजनाच्या मानाने पसरट असते, त्यामुळे ते बाहेरची उष्णता लवकर ओढून घेते. शिवाय खेळाच्या नादात मूल पाणी मागत नाही. म्हाताऱ्या माणसाला तहानच कमी लागते, आणि 'सारखे लघवीला जावे लागेल' म्हणून आजी मुद्दाम पाणी टाळते. हे कारण आजी सांगणार नाही, तेव्हा स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी तिला दाखवून ठेवा.

आणखी एक गट मला दरवर्षी दिसतो तो मुंबई-पुण्याहून जत्रेसाठी गावी आलेल्यांचा. आपल्या तालुक्यांतली कितीतरी माणसे मुंबईत असतात, आणि जत्रेला हमखास गावी येतात. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. वर्षभर एसीत बसणारा तिशीतला तरुण पहिल्याच दिवशी बैलगाड्याच्या घाटावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभा राहतो, मिरवणुकीत डीजेपुढे नाचतो आणि त्यात दारूही घेतो. शेतात राबणारा त्याचा चुलतभाऊ शेजारी ठणठणीत असतो, आणि हा चक्कर येऊन पडतो. दारूने लघवी वाढून शरीरातले पाणी कमी होते, आणि आपल्याला त्रास होतोय याचे भानही राहत नाही.

गरोदर महिला, लठ्ठ व्यक्ती, हृदयाचे व मूत्रपिंडाचे रुग्ण, नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेलेले, आणि आदल्या रात्री झोप न झालेले यांनीही सांभाळून राहावे.

तुमच्या गोळ्या आणि ऊन

या विषयावर फारसे कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत लघवी वाढवणारे औषध असते (हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन ही सर्रास दिली जाणारी नावे). पायाची सूज किंवा हृदयविकारासाठी फ्युरोसेमाइड दिले जाते. घामाने आधीच पाणी कमी झालेले असताना ही औषधे ते आणखी कमी करतात. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या गोळ्या घेणाऱ्यांचे पाणी फार कमी झाले तर मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या गटातल्या औषधांमुळे हृदयाची गती हवी तेवढी वाढत नाही आणि उष्णता सहन होत नाही. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांच्या लघवीतून साखरेबरोबर पाणीही जाते. मानसिक आजारावरची काही औषधे आणि कंपवातासाठी दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल यांनी घाम कमी होतो किंवा तहान व तापमान यांवरचा ताबा बिघडतो. लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या अंगातले पाणी कमी झाले तर रक्तातले लिथियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते.

हे वाचून कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. सहलीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. काहींना त्या दिवसापुरता डोस बदलून देता येतो, काहींना काहीच बदलावे लागत नाही. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी खाली दिलेले पाण्याचे प्रमाण स्वतःला लावू नये.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इन्सुलिन गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर ठेवू नका. बर्फाला थेट चिकटवूनही ठेवू नका, कारण गोठलेले इन्सुलिन वाया जाते. ओल्या फडक्यात गुंडाळलेला छोटा थर्मास किंवा इन्सुलिनची थंड पिशवी वापरा. दुसरे असे की गरम हवेत इन्सुलिन त्वचेखालून लवकर शोषले जाते, आणि त्यात दिवसभराचे चालणे. साखर अचानक उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळ ही साखर कमी झाल्याची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात. ग्लुकोमीटर बरोबर घ्या, शंका आली की तपासा.

मधुमेह्यांच्या पायांबद्दलही. वॉटर पार्कच्या तापलेल्या फरशीवर आणि देवळाच्या आवारातल्या दगडावर लोक अनवाणी चालतात. ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांना चटका कळतच नाही, आणि घरी आल्यावर तळव्याला फोड दिसतो. अशा फोडातून पुढे बोट गमवावे लागण्यापर्यंत वेळ येऊ शकते. पाण्यात चालणारी चप्पल घाला. देवळात जाड मोजे घाला, आणि दर्शन सकाळी आठच्या आत उरका. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या किंवा शिवनेरीची चढण यांनाही हीच वेळ लावा. दुपारी बारा वाजता चढायला सुरुवात करणारे वयस्क लोक पाहिले की मला धडकीच भरते.

पाणी किती आणि कोणते

उन्हात चालणे-फिरणे चालू असेल तर मोठ्या माणसाने दर १५ ते २० मिनिटांनी एक कप, म्हणजे साधारण २०० ते २५० मिली पाणी प्यावे. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये. नुसते साधे पाणी लिटरच्या लिटर ढोसले तर रक्तातले सोडियम उतरते, आणि त्यानेही डोके दुखते, उलट्या होतात, झटके येऊ शकतात. घाम खूप जात असेल तेव्हा मधूनमधून ओआरएस, मीठ घातलेले ताक, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत, कैरीचे पन्हे किंवा कोकम सरबत घ्या. लघवीचा रंग हे सोपे मोजमाप आहे: फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद असेल किंवा पाच-सहा तास झालीच नसेल तर पाणी कमी पडले आहे.

ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ग्लासभर पाण्यात पाव पाकीट, असा अंदाजपंचे कारभार करू नका. मिश्रण फार खारट झाले तर मुलांना अपाय होतो. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिले आहे का ते पाहा. तयार मिळणारी फळांच्या चवीची गोड पेये ही ओआरएस नव्हेत, त्यांतली जास्त साखर उलट जुलाब वाढवू शकते. घरी करायचे तर एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा, शिगोशीग नव्हे). सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला यातले काहीच नको, आईचे दूध वरचेवर द्या. बऱ्याच पार्कांत बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. ओआरएसची पाकिटे आणि औषधे वेगळ्या पिशवीत ठेवा आणि गेटवर तसे सांगा.

बर्फाच्या गोळ्याबद्दल आणि रसवंतीबद्दल दरवेळी विचारतात. उसाच्या रसाला माझा विरोध नाही, त्यातल्या बर्फाला आहे. तो कुठल्या पाण्याचा आहे हे कोणालाच ठाऊक नसते. टायफॉइड आणि कावीळ दोन्ही त्यातून येऊ शकतात. रस बिनबर्फाचा मागा. मधुमेह्यांनी तोही नको.

पार्कमध्ये आणि जत्रेत वागावे कसे

दिवसाची आखणी उलटी करा. बहुतेक कुटुंबे आत शिरल्यावर आधी फोटो, मग नाश्ता, आणि मोठ्या राइड्सच्या रांगेत भर दुपारी उभी राहतात. उघड्यावरच्या राइड्स गेट उघडल्या उघडल्या करून घ्या. बारा ते चार या वेळात जेवण, छताखालचे खेळ, एसी असलेले सभागृह. पाण्यात खेळत असलात तरी घाम जातोच, फक्त तो कळत नाही. म्हणून वॉटर पार्कमध्येही तासाला एकदा मुलांना बाहेर काढून पाणी पाजा.

रांगेत बराच वेळ स्थिर उभे राहिले की रक्त पायांत साचते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. टाचा वर-खाली करत राहा, पोटऱ्या हलवा. अंधारी आलीच तर लाजू नका, तिथेच खाली बसा. उभे राहून तोल सांभाळण्याच्या नादात पडलेल्यांची डोकी फुटतात. सावलीत आडवे करून पाय थोडे उंच केले की अशी चक्कर दोन-चार मिनिटांत जाते. गेली नाही, तर पुढचा भाग वाचा.

कपडे सैल, सुती, फिकट रंगाचे. डोक्याला टोपी किंवा उपरणे. बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून जाड कापड टाकतात, त्याने आत भट्टी होते. आणि झोपलेल्या मुलाला 'पाच मिनिटांत येतो' म्हणून बंद गाडीत कधीही ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी चढते, काच थोडी खाली केल्याने फारसा फरक पडत नाही.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. कांद्याच्या मुलखात ती असणारच. कांदा खिशात ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर टोपी आणि पाणी घरी ठेवू नका.

साधा त्रास की उष्माघात?

पोटरीत, मांडीत, पोटात गोळे येणे ही पहिली पायरी. थांबा, सावलीत बसा, ओआरएस घ्या, स्नायू हळूहळू ताणा. पुढची पायरी म्हणजे उष्णतेने गळून जाणे: खूप घाम, थकवा, मळमळ, डोकेदुखी, नाडी जलद. माणूस शुद्धीवर असतो, नीट बोलतो. थंड जागी आडवे करा, अंगावरचे जाड कपडे काढा, ओल्या कापडाने अंग पुसा, वारा घाला, घोटाघोटाने ओआरएस द्या. अर्ध्या तासात उतार पडायला हवा. उलट्यांमुळे पाणी पोटात ठरत नसेल, किंवा उतार नसेल तर दवाखाना गाठा. जो तोंडाने पिऊ शकतो त्याला सलाईनची गरज सहसा नसते. 'एक बाटली लावाच' हा आग्रह मी रोज ऐकतो, पण एक लिटर ओआरएस तेच काम करते.

घोळणा फुटला तर मुलाला बसवा, मान पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे न सोडता चिमटीत धरा. मान मागे टाकू नका, रक्त घशात जाते.

उष्माघात ओळखण्याची खूण डोक्यात असते, कातडीवर नाही. माणूस असंबद्ध बोलू लागतो, चिडतो, झोकांड्या जातात, ओळखत नाही, झटका येतो किंवा बेशुद्ध होतो. अंग तापलेले असते, आणि आतले तापमान सहसा ४० अंशांच्या (१०४ फॅरनहाइट) वर असते. 'उष्माघातात घाम बंद होतो, याला तर घाम आहे, म्हणजे उष्माघात नाही' ही समजूत फार घातक आहे. म्हाताऱ्या माणसात कातडी कोरडी असू शकते. पण नाचून, पळून किंवा चढून ज्याला उष्माघात झाला, तो घामाने ओलाचिंब असू शकतो. जत्रेत अशा माणसाला 'याला चढलीय' म्हणून मांडवाच्या कडेला झोपवून ठेवतात. उन्हात बरळणारा माणूस प्यायलेला असला तरी त्याच्या अंगाला हात लावून पाहा.

उष्माघात वाटला तर

१०८ ला फोन करायला एकाला सांगा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी थंड करायला सुरुवात करा. रुग्णवाहिकेची वाट पाहत थांबू नका. मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांचे नुकसान शरीर किती वेळ तापलेले राहिले यावर ठरते. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आणले तर वाचण्याची शक्यता खूप वाढते. घाटातून, जत्रेच्या गर्दीतून दवाखान्यात पोहोचायला त्याहून जास्त वेळ सहज लागतो. म्हणून आधी थंड करा, मग हलवा, आणि वाटेतही थंड करणे चालू ठेवा.

सावलीत घ्या, कपडे सैल करा किंवा काढा. मिळेल ते पाणी डोक्यापासून पायापर्यंत सतत ओता आणि जोरात वारा घाला. पुठ्ठा, उपरणे, पंखा, काहीही चालेल. दमट हवेत नुसत्या वाऱ्याने भागत नाही, तिथे थंड पाणी आणि बर्फ जास्त लागतो. मान, काखा आणि जांघा इथे बर्फाच्या पिशव्या कापडात गुंडाळून ठेवा. तरुण माणूस असेल आणि टब, हौद किंवा मोठे पिंप जवळ असेल तर डोके बाहेर धरून गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवणे हा सगळ्यांत जलद उपाय आहे. दोघांनी त्याला धरून ठेवावे. बैलगाडा शर्यतीच्या घाटावर पाण्याचे टँकर असतात आणि पळून आलेल्या बैलांच्या अंगावर लोक लगेच पाणी मारतात. माणसाच्या बाबतीत तेच करायला मात्र कचरतात, न्यूमोनिया होईल म्हणून. तसा तो होत नाही.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी, सरबत, कांद्याचा रस काहीही घालू नका, ते फुप्फुसात जाते. कुशीवर वळवा. पॅरासिटामॉल किंवा ॲस्पिरिन देऊ नका. हा ताप जंतूंचा नाही, त्यामुळे या गोळ्यांनी उतरत नाही, आणि आधीच भाजलेल्या यकृताला व रक्त गोठण्याच्या क्रियेला त्या अपाय करू शकतात. रुग्ण थरथरू लागला किंवा नीट बोलू लागला की पाणी ओतणे थांबवा. तो उठून बसला, 'मला बरे वाटतेय' म्हणाला, तरी रुग्णालयात न्यायचेच. आपल्या भागात मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जुन्नर, नारायणगावची ग्रामीण रुग्णालये जवळ पडतात. पार्कमध्ये असाल तर तिथल्या कर्मचाऱ्यांकडून प्रथमोपचार कक्ष बोलावून घ्या, रुग्णाला चालवत नेऊ नका.

घरी परतल्यावर

ज्याला उन्हाचा त्रास झाला त्याने पुढचे दोन-तीन दिवस उन्हात राबू नये. एकदा उष्माघात झालेल्याची सहनशक्ती काही आठवडे कमी राहते; शेतीकाम किंवा व्यायाम पुन्हा कधी सुरू करायचा ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. लघवी चहाच्या रंगाची होणे, अंग प्रचंड दुखणे, डोळे पिवळे दिसणे, लघवी कमी होणे यांपैकी काही पुढच्या दोन-चार दिवसांत दिसले तर लगेच दाखवा, कारण स्नायू, यकृत किंवा मूत्रपिंडाला इजा झाल्याचे ते लक्षण असू शकते आणि रक्त-लघवीच्या तपासणीशिवाय ते समजत नाही.

सहलीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलाला ताप आला तर 'ऊन बाधले' म्हणून घरी थांबू नका. उन्हाचा त्रास सावलीत आल्यावर, अंग थंड केल्यावर काही तासांत कमी होतो. थंडी वाजून येणारा, चढ-उतार असणारा, जुलाब-उलट्या, घसादुखी किंवा कानदुखीबरोबरचा ताप बहुधा जंतूंचा असतो. वॉटर पार्कनंतर कान दुखणे, कानातून पाणी येणे हेही बरेच दिसते. त्यात तेल घालू नका, तपासून घ्या.